डेक घराला जोडण्याआधी

अरे, घराला लागून डेक, म्हणजे उंचावरचा लाकडी ओटा, बांधतोयस ना? मग वरच्या फळ्या सीडरच्या लाकडाच्या की कॉम्पोझिटच्या, म्हणजे लाकूड-प्लास्टिकच्या मिश्रणाच्या, ते नंतर बघ. आधी लेजर बोर्ड, म्हणजे घराच्या भिंतीला आडवी बसवतात ती जाड फळी. अमेरिकेत डेक पडतात ते बरेचदा इथूनच सुटून. नुसत्या खिळ्यांवर विसंबू नकोस. ओढ बसली की खिळा सरळ बाहेर येतो. अर्ध्या इंची लॅग स्क्रू, म्हणजे लाकडात पिळून बसवायचे जाड स्क्रू, किंवा आरपार बोल्ट हवेत, तेही गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेले, कारण ट्रीटेड, म्हणजे कुजू नये म्हणून रसायन मुरवलेल्या, लाकडातलं तांबं साधं लोखंड खातं.

साइडिंग, म्हणजे भिंतीवरचं बाहेरचं आवरण, काढून लेजर थेट रिम जॉइस्टवर, म्हणजे घराच्या जमिनीच्या कडेच्या तुळईवर, बसव आणि वर फ्लॅशिंग, म्हणजे पाणी बाहेर वळवणारी पट्टी, घाल. माझ्या जुन्या डेकला ते नव्हतं. एकदा सहज स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला, भिजल्या पावात जावा तसा! कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत २०१५ मध्ये बाल्कनी कोसळून सहा जण गेले, तेही आत पाणी मुरून तुळया कुजल्यामुळेच.

आणि बाहेरून वीट दिसते म्हणून तिच्यात बोल्ट मारू नकोस. अमेरिकेतल्या लाकडी घरांवर ती बहुधा नुसती शोभेची असते, डेकचा भार पेलत नाही. तसं असेल तर खांबांवर स्वतंत्र डेक उभा कर. तिरके आधार दे, पाया जमीन गोठते त्या खोलीच्याही खाली ने. बांधकामाचं परमिट मात्र काढच. इन्स्पेक्टर कटकट्या निघाला तरी त्या फीमध्ये दुसरी नजर मिळते.