रिस्टोअर केलेली जुनी लाकडी मोटर यॉट विकायला आहे. घ्यावी का, आणि घेण्याआधी काय पाहावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 1930 च्या दशकात बांधलेली, 50 फुटांच्या आसपासची लाकडी मोटर यॉट विकायला आहे, जाहिरात म्हणते 'संपूर्ण रिस्टोअर केलेली, नुकतीच बोट-दुरुस्तीच्या यार्डातून बाहेर आलेली', आणि फोटोंवर तुमचा जीव जडलाय. लाकडी बोटींची खरेदीआधीची तपासणी हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे फोटोंबद्दल मी काही बोलत नाही. वॉर्निश मारलेली महोगनी फोटोत वाईट दिसलेली मी अजून पाहिलेली नाही.

मला खटकतंय ते तिचं नुकतंच बाहेर येणं. काम पूर्ण झाल्यावर दोन सीझन पाण्यात राहिलेली, भरपूर हिंडलेली, वॉर्निश जरा उडालेली बोट एकीकडे आणि शेडमधून काल बाहेर काढलेली चकचकीत बोट दुसरीकडे असेल, तर मी पहिलीसाठी जास्त पैसे मोजायला तयार होईन. मालकाला पहिला प्रश्न तोच विचारा: काम झाल्यानंतर ही किती चालली, आणि कुठे?

त्यामागचं कारण लाकडात आहे. त्या काळातल्या बहुतेक यॉट फळीला फळी भिडवून बांधलेल्या असत. आत वाफेवर वाकवलेल्या ओकच्या बरगड्या, बाहेर साग, महोगनी, लार्च किंवा पिच पाइनच्या फळ्या, आणि दोन्ही जखडायला तांब्याचे रिव्हेट किंवा ब्राँझचे स्क्रू. फळी पाण्यात फुगते, शेडमध्ये सुकली की आकसते. काम करताना बोट वर्षानुवर्षं कोरडी उभी असते, सांध्यांत फटी पडतात. जाणता कारागीर त्या फटीत कापसाचा पेळू ठोकून बसवतो आणि वरून मऊ पुट्टी भरतो, म्हणजे फळी फुगली की पुट्टी थोडी बाहेर येते आणि सांधा आपोआप घट्ट होतो. घाईतला माणूस त्याच फटीत इपॉक्सी, म्हणजे दगडासारखा कडक होणारा गोंद, भरतो आणि घासून आरशासारखं गुळगुळीत करतो. फोटोत दुसऱ्याचंच काम छान दिसतं. मग बोट पाण्यात जाते, फळ्या फुगतात, फुगायला जागा मिळत नाही आणि सगळा ताण जातो रिव्हेटांवर आणि बरगड्यांवर. जुनी बरगडी अशा वेळी जिथे सगळ्यात जास्त वाकवलेली असते तिथेच, म्हणजे पोटाच्या वळणावर, तडकते. हे शेडमध्ये कळणार नाही. एक सीझन गेला की कळतं.

(पाण्यात सोडल्यावर पहिले काही दिवस पंप चालू असेल तर घाबरू नका, फळ्या पाणी पिऊन बसेपर्यंत तो चालणारच. तीन आठवड्यांनीही चालतच असेल तर घाबरा.)

इंजिन आणि शाफ्टचंही (इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणारा दांडा) तसंच. बोट टेकूंवर उभी असताना तिचा आकार वेगळा असतो, पाण्यात तरंगताना वेगळा. यार्डात दोन्ही अगदी एका रेषेत बसवले असले, तरी बोट पाण्यात मुरल्यावर ते पुन्हा तपासून जुळवावे लागतात. ते केलं नसेल तर ठरावीक वेगाला पायाखाली थरथर जाणवते. आणखी एक साधी गोष्ट करा: बोट पाण्यात असताना डेकहाउसची (डेकवरच्या केबिनची) सगळी दारं आणि खणांची झाकणं उघडून लावून पाहा. नव्या पॉलिशची दारं चौकटीत अडकत असतील किंवा वरच्या एका कोपऱ्यात तिरकी फट दिसत असेल, तर मग किनाऱ्यावर जाऊन बाजूने बोटीची वरची कड नीट न्याहाळा. जुन्या लांब बोटींची दोन्ही टोकं कालांतराने खाली झुकतात आणि मधला भाग वर उचलल्यासारखा दिसतो. रंगाने ते झाकता येत नाही.

आता कुजण्याबद्दल. पुष्कळ लोक बोटीचा तळ पाहण्यातच सगळा वेळ घालवतात. बुरशीला लाकडात साधारण 20 टक्क्यांहून जास्त ओलावा लागतो आणि हवाही लागते. समुद्राच्या पाण्यात सतत बुडालेल्या फळीला हवा मिळत नाही, शिवाय बुरशीला मीठ मानवत नाही. (उबदार समुद्रात टेरेडो नावाचा पोखरणारा जीव मात्र असतो. त्याचं भोक बाहेरून टाचणीएवढं दिसतं आणि आत हाताचं बोट जाईल एवढा बोगदा असतो, तेव्हा तळही सोडू नका.) पण खरी कुज सुरू होते वरून, पावसाच्या गोड्या पाण्याने. डेक आणि बाजूची फळी जिथे मिळतात ती कड, रेलिंगच्या खांबांची बुडं, मागच्या आडव्या पाटीचे कोपरे, आणि सगळ्यात आधी डेकहाउसच्या खिडक्या.

खिडकीचा खालचा कोपरा बघा. तिथे दोन लाकडांचा सांधा असतो, आणि पाणी उतरून नेमकं तिथेच थांबतं. वॉर्निशखाली काळपट निळसर डाग दिसला तर पाणी आत शिरलेलं आहे. डाग नसेल आणि त्या कोपऱ्यापुरतंच वॉर्निश बाकीच्यापेक्षा गडद, जरा तपकिरी रंग मिसळल्यासारखं असेल, तर डाग झाकलेला आहे. अंगठ्याने दाबा. चांगलं लाकूड तसूभर हलत नाही, खराब झालेलं किंचित दबतं आणि वॉर्निशला सुरकुती पडते. मग आतून त्याच जागेचं अस्तर उघडायची परवानगी मागा. मालकाचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा असतो.

बरगड्यांसाठी हातोडी लागते. लाकडी मुठीने किंवा छोट्या हातोडीने एकेक बरगडी हलकेच ठोकत गेलं की टणक आवाज येत राहतो आणि मध्येच एक भद्द आवाज येतो. तिथे टोच्या लावून पाहायचा. मोठं घर पोकळ वासा हे इथे अक्षरशः खरं ठरतं. तडकलेल्या बरगडीशेजारी दुसरी जोड-बरगडी बसवलेली असेल तर त्यात वावगं काही नाही, ती मान्य पद्धत आहे. मात्र ती तडकलेल्या जागेपासून दोन्ही बाजूंना पुरेशी लांब गेलेली हवी, हातभर तुकडा लावून भागत नाही.

तळाशी, जिथे पाण्याचे व्हॉल्व्ह आणि ब्राँझचे भाग फळीतून आरपार जातात, तिथे एक गोष्ट हमखास निसटते. गंज टाळायला बोटींना जस्ताच्या वड्या लावतात आणि आतले सगळे धातू तारेने एकमेकांना जोडतात. फायबरच्या बोटीला ते चालून जातं. लाकडी बोटीला गरजेपेक्षा जास्त जस्त लावलं की ब्राँझभोवती अल्कली तयार होते आणि ती लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतू एकत्र धरून ठेवणारा घटक, खाते. व्हॉल्व्हच्या बुडाशी पांढरट खारवलेला थर दिसतो आणि त्याखालचं लाकूड मऊ, केसाळ झालेलं असतं, नखाने तंतू निघतात. नव्या रिस्टोरेशनमध्ये उत्साहाच्या भरात भरमसाट जस्त लावलेलं मी बऱ्याचदा पाहतो. ओकमध्ये लोखंडी बोल्ट असतील तर त्यांच्याभोवती निळा-काळा डाग पडतो, कारण ओकमधलं टॅनिन आणि लोखंड एकमेकांना खातात. पितळी स्क्रू समुद्रात जस्त गमावून गुलाबी पडतात आणि पिळलं की तुटतात. म्हणून तपासणीत वेगवेगळ्या ठिकाणचे काही स्क्रू आणि कण्याचा (बोटीच्या तळाचं मुख्य लांब लाकूड) निदान एक बोल्ट काढून पाहायलाच हवा. त्याला मालकाची लेखी परवानगी लागते, ती आधीच मागा.

कामाचे पुरावे मागा. खरं रिस्टोरेशन करणारा माणूस फोटो काढल्याशिवाय राहत नाही, कारण तीन-चार वर्षांच्या कष्टाचं त्याच्याकडे तेवढंच असतं. फळ्या काढलेल्या, बरगड्या उघड्या, कणा दिसतोय असे फोटो हवेत. यार्डाच्या बिलात 'हलचं (म्हणजे बोटीच्या सांगाड्याचं आणि फळ्यांचं) काम' एवढंच लिहिलेलं असेल तर त्याला अर्थ नाही. कोणत्या बरगड्या, किती फूट फळी, कुठलं लाकूड, कोणत्या धातूचे स्क्रू हे लिहिलेलं हवं. जुन्या फळ्यांवर बाहेरून फायबरग्लास चढवलेला असेल तर माझ्या मते तिथेच थांबावं. लाकूड हलतं, फायबर हलत नाही, दोघांमध्ये पाणी अडकतं आणि आतलं काहीच तपासता येत नाही.

इंजिनाबद्दल थोडक्यात. त्या काळी पेट्रोल इंजिनं सर्रास असत, पुढे बहुतेकांच्या जागी डिझेल आली. पेट्रोल अजून असेल तर त्याची वाफ हवेपेक्षा जड असून बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या आतल्या तळाशी, साचते, तेव्हा वायुवीजन आणि वायरिंग आधी बघा. गार्डनर या ब्रिटिश कंपनीसारखं जुनं, संथ डिझेल असेल तर वय पाहून नाक मुरडू नका. त्यांची एलडब्ल्यू मालिका 1931 ची, आणि त्यातली पुष्कळ इंजिनं आजही काम करतात. भेटीला गेल्यावर बोलण्याआधी इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर मालकाने तुम्ही यायच्या आधीच सुरू करून ठेवलंय, आणि तुम्हाला पाहायचं होतं ते थंड इंजिन कसं सुरू होतं हेच. समुद्रात नेऊन पूर्ण वेगाने बराच वेळ चालवा. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. काळा आणि थांबतच नसेल तर इंजिनावर झेपेल त्यापेक्षा जास्त भार आहे, बहुधा पाण्यातला पंखाच (प्रोपेलर) चुकीचा बसवलाय.

जाहिरातीत इतिहास असेल तर त्याचीही तपासणी करा, कारण किंमत त्यानेच फुगते. ब्रिटिश बोट असली की 'डंकर्कला गेली होती' हे वाक्य हमखास येतं, म्हणजे 1940 मध्ये फ्रान्सच्या त्या किनाऱ्यावर अडकलेले सैनिक परत आणायला गेलेल्या बोटींतली ती एक. खऱ्या बोटी आहेत, नाही असं नाही. टायटॅनिकवरून वाचलेले अधिकारी चार्ल्स लाइटोलर स्वतःची 'सनडाउनर' घेऊन मुलासह जून 1940 मध्ये डंकर्कला गेले आणि सुमारे 130 सैनिक घेऊन परतले. ती बोट 60 फुटांपेक्षाही लहान. पण अशा बोटींची संघटना आहे, असोसिएशन ऑफ डंकर्क लिटल शिप्स, आणि तिच्याकडे नोंदी आहेत. तिथे नाव सापडलं नाही आणि मालकाकडेही कागद नसेल, तर त्या कहाणीचे पैसे देऊ नका.

खर्चाचा विचार बोटीच्या किमतीवरून करू नका, तिच्या आकारावरून करा. जुनी लाकडी बोट स्वस्तात मिळते म्हणून तिचा सांभाळ स्वस्त होत नाही. लांबी दुप्पट झाली की आकारमान साधारण आठपट होतं, आणि रंग, लाकूड, धक्क्याचं भाडं, मजुरी सगळं त्या बाजूने सरकतं. वॉर्निशचे सहा-आठ हात चढलेले असले तरी उन्हात राहणाऱ्या बोटीला दरवर्षी एक-दोन हात द्यावेच लागतात. एक वर्ष चुकवलं तर पुढच्या वर्षी खरवडून मुळापासून सुरुवात. बोटीवर ताणायचं चांगलं कापडी आच्छादन जाहिरातीतल्या यादीत नसेल तर तो खर्च आत्ताच धरा.

आणि हे चुकवलं तर काय होतं ते पाहायचं असेल तर 'सेक्वोया'ची गोष्ट वाचा. 1925 ची, जॉन ट्रम्पी यांनी आखलेली 104 फुटी यॉट. हूवरपासून अमेरिकेच्या अध्यक्षांनी ती वापरली, कार्टर यांनी 1977 मध्ये विकली. पुढे मालकीचा वाद कोर्टात गेला. 2016 च्या डेलावेअर कोर्टाच्या निकालात न्यायाधीशांनी नोंदवलंय की ती एका मरगळलेल्या यार्डात अपुऱ्या टेकूंवर झिजत पडली होती आणि तेव्हा तिच्यात रॅकून (मांजराएवढे जंगली प्राणी) राहत होते. एवढी नामांकित बोट, पण वापर थांबला आणि हे झालं.

कागदांबद्दल एकच सांगतो, बाकी वकील सांगेल. अनेक देशांत यार्डाची किंवा खलाशांची थकबाकी बोटीलाच चिकटते, मालक बदलला तरी सुटत नाही. तीन-चार वर्षं काम चाललेल्या बोटीच्या बाबतीत यार्डाकडून 'येणं बाकी नाही' असं लेखी घ्याच. ब्रिटनच्या पार्ट वन नोंदणीत जहाजाचे 64 हिस्से असतात. विकणाऱ्याच्या नावावर सगळे 64 आहेत ना, ते पाहा. एखादा भाऊ किंवा जुना भागीदार 16 हिस्से धरून बसलेला असू शकतो.

तर घ्यावी का? माझा सल्ला असा की आत्ता नकार देऊ नका आणि टोकनही देऊ नका. मालकाला लिहा की बोट पाण्यात सोडा, एक सीझन चालवा, मग पुन्हा बाहेर काढून माझ्या सर्व्हेयरला (बोट तपासणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवा, तोवर मी थांबतो. तो थांबायला तयार नसेल तर निदान करारात घाला की तपासणी पाण्याबाहेर आणि पाण्यात अशी दोन्हीकडे होईल, पाण्यातली तपासणी सोडल्यानंतर किमान तीन आठवड्यांनी होईल, आणि त्यात काही निघालं तर अनामत पूर्ण परत मिळेल. सर्व्हेयर लाकडी बोटींचा जाणकार हवा आणि तुम्ही शोधलेला हवा. मालकाने सुचवलेला नको, तो माणूस कितीही भला असला तरी. तोपर्यंत त्याच्याकडून बिल्जचे आणि उघड्या बरगड्यांचे फोटो मागवून घ्या आणि इथे टाका, मी बघून सांगतो.