पडलेली पापणी: कागदावर काय लिहायचं?

प्रश्न: आमच्या अंगणवाडीतल्या चार वर्षांच्या मुलाची डावी पापणी जन्मापासून पडलेली आहे. घरचे ग्रहणाचा दोष म्हणतात. एका कागदावर 'तिरळेपणा', दुसऱ्यावर 'एच ०२.४' लिहिलंय. बरोबर काय? — आरोग्य सेविका, जि. यवतमाळ

उत्तर: ताई, तिरळेपणात बुबुळ सरकतं, इथे पापणी खाली आहे. हा टॉसिस. आयसीडी-१० (आजारांच्या कोडांची जागतिक यादी) मध्ये जन्मजात टॉसिसचा कोड क्यू १०.०. नुसतं 'टॉसिस' लिहिलं की कोड लावणारा एच ०२.४ कडे, म्हणजे जन्मजात नसलेल्या टॉसिसच्या कोडकडे जातो, चूक तिथंच होते. म्हणून 'जन्मजात' हा शब्द हवाच आणि त्याला आधारही. बारशाचे फोटो मागा. क्यू १०.० मध्ये डावा-उजवा कळत नाही, तेव्हा बाजू अक्षरात लिहा.

मोजायला टॉर्च आणि मिलिमीटरची पट्टी पुरे. टॉर्च मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत समोर धरा. बुबुळावर चमकणाऱ्या ठिपक्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर निरोगी डोळ्यात साधारण ४ ते ५ मिमी असतं. कड ठिपक्यावरच आली तर शून्य. मग भुवई अंगठ्याने घट्ट दाबा. हे विसरलं तर पोरगं कपाळाने पापणी उचलतं आणि आकडा फसवा येतो. आधी खाली, मग वर बघायला लावा. कड किती सरकली? ४ मिमी किंवा कमी म्हणजे पापणी उचलणारा स्नायू कमजोर, ८ च्या पुढे चांगला.

खाली बघताना तीच पापणी दुसरीपेक्षा वर राहते का, हेही बघा. जन्मजात टॉसिसमध्ये स्नायू नीट सैल होत नाही, म्हणून ती अडकते. बिस्कीट चावताना पापणी उडत असेल तर तो मार्कस गन प्रकार, तसं लिहा. संध्याकाळी जास्त पडते किंवा दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसतात, तर कारण वेगळं असू शकतं; तपासणी लवकर हवी.

कोड नंतरही दुरुस्त होईल, नजर मात्र थांबत नाही. पापणीने बाहुली झाकली, किंवा मूल हनुवटी वर करून बघतं, तर डोळा आळशी होण्याचा, म्हणजे त्याची नजर कमी राहण्याचा धोका आहे. चांगला डोळा झाकल्यावर ते चिडलं तर दुसऱ्याने कमी दिसतंय असं समजा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला सांगून जिल्हा रुग्णालयात पाठवा. पापणीला जन्मतः खाच असेल (क्यू १०.३) तर बुबुळ उघडं पडून सुकतं, त्याच दिवशी पाठवा.

ग्रहणाचं कागदावर नको. आईबाबा, आजोबा, भावंडांत कुणाची पापणी पडलेली आहे का, ते लिहा.