बाळ झोपेत दचकतं, ही आकडी तर नाही?

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या आठवड्यात अमळनेर तालुक्यातल्या एका गावाहून आजी, लेक आणि अडीच महिन्यांचा नातू माझ्याकडे आले. पहिलं बाळंतपण, माहेरी झालेलं. बाळाच्या गळ्यात काळा दोरा, दंडाला ताईत, आणि त्या उन्हातही बाळ मानेपर्यंत घट्ट गुंडाळलेलं. आजी टेकायच्या आतच म्हणाल्या, "मना नातू झोपमा दचकस वं माय. दोन्ही हात फेकस, मंग रडस."

लेक गप्प होती. आजी पाणी प्यायला बाहेर गेल्या तेव्हा ती बोलली. नणंदेने फोनवर विचारलं होतं, "तुमच्याकडे कुणाला फिट येते का?" नवरा सुरतला कामाला. त्याने कुठलासा व्हिडिओ पाठवला होता, त्यात म्हणे दचकणारं मूल म्हणजे मेंदूत दोष. तेव्हापासून तिने बाळाला जमिनीवर ठेवलंच नव्हतं. दिवसा मांडीवर नाहीतर झोळीत, रात्री कुशीत, आणि ही स्वतः जागी. "खाली ठेवलं की झटका येतो, ताई."

खाली ठेवलं की. तिच्या या तीन शब्दांतच बरंचसं उत्तर होतं.

सतरंजीवर दुपटं अंथरलं, बाळाला मोकळं केलं. थोडा वेळ ते नुसते पाय झाडत राहिलं. मग माझा एक तळवा त्याच्या डोक्याखाली ठेवून डोकं बोटभर उचललं आणि तळव्यासकट किंचित खाली येऊ दिलं. दोन्ही हात एकदम बाजूला फेकले गेले, बोटं फुलासारखी पसरली, क्षणभरात हात पुन्हा छातीशी आले, जणू कुणाला तरी धरायचंय. मग रडणं. आई घाबरून पुढे सरकली. मी तिला म्हटलं, हात मोज. दोन्ही सारखे उघडले, दोन्ही सारखे मिटले. हेच मला बघायचं होतं.

डोक्याचा आधार सुटला किंवा मोठा आवाज झाला की हे होतं. 1918 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या अर्न्स्ट मोरो या बालरोगतज्ज्ञाने या क्रियेचं वर्णन केलं, म्हणून डॉक्टर तिला मोरो रिफ्लेक्स म्हणतात. बाळ विचार करून हात फेकत नाही. मेंदूचा खालचा भाग परस्पर ते करतो. वरचा भाग हळूहळू कामाला लागला की चौथ्या ते सहाव्या महिन्यापर्यंत हे दचकणं विरून जातं. पूर्ण दिवसांच्या बाळात ते जन्मापासून असायलाच हवं. काळजी वाटते ती ते मुळीच नसेल तर, किंवा एकच हात उघडत असेल तर. बाळंतपणात खांद्याची नस ताणली गेली असेल किंवा हासळीचं हाड मोडलं असेल, तर असं दिसतं. नणंदेला सांगायचं ते हेच, की यात माहेरच्या रक्ताचा काही संबंध नाही.

पण "काही नाही, घाबरू नका" असं मी आता कुणालाही नुसतं सांगत नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका आईला मी फोनवर हेच सांगितलं होतं. तिचं बाळ पाच महिन्यांचं होतं. तीन आठवड्यांनी ती बाळाला घेऊन आली, तेव्हा ती खरोखर आकडी निघाली. ते तीन आठवडे मी विसरलेले नाही. या आकडीत बाळ झोपेतून उठता उठता कंबरेतून वाकतं, हात ताठ होतात, काही सेकंदांत सैल पडतं, पुन्हा तसंच. अशी एकामागून एक माळच लागते. आवाज नाही, धक्का नाही, तरी येते. हळूहळू बाळ हसेनासं होतं, शिकलेलं विसरतं. 1841 मध्ये वेस्ट नावाच्या इंग्लिश डॉक्टरने स्वतःच्याच मुलाचे असे झटके पाहून लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं होतं. असं दिसलं तर मोबाइलवर चित्रण करा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ गाठा. हातपाय नुसते थरथरत असतील तर हळूच धरून बघा. साधी थरथर धरल्यावर थांबते, झटका थांबत नाही.

या बाळाचं चित्रण तिच्याकडे होतं. तीनदा बघितलं. प्रत्येक वेळी आधी काहीतरी झालेलं: भांडं पडलेलं, दार आपटलेलं, मांडीवरून खाली ठेवलेलं.

मला खटकलं ते वेगळंच. बाळाचं डोकं मागून चपटं झालं होतं, आणि पालथं ठेवलं तर ते नाक टेकवून तसंच राहायचं. हा वाढीतला दोष नव्हता. दोन महिने मांडी आणि झोळी, मानेला काम मिळणार कधी? मी सांगितलं: झोपवायचं उताणंच, पण जागं असताना, तुम्ही समोर असताना, दिवसातून चार-पाच वेळा पालथं. आधी एक मिनिट, छातीखाली तुमचा हात, समोर तुमचा चेहरा. खाली ठेवताना आधी ढुंगण, मग पाठ, शेवटी डोकं, आणि छातीवर त्याचे दोन्ही हात धरून क्षणभर थांबायचं. गुंडाळायचंच असेल तर पाय मोकळे. लेकीने तिथेच दोनदा करून बघितलं. दुसऱ्या वेळी बाळ दचकलं नाही.

आजींचा आणखी एक प्रश्न होता. जन्मल्यावर उभं धरलं की नातू पावलं टाकायचा, आता टाकत नाही. हेही जायचंच असतं, साधारण दोन महिन्यांत. मांड्या भरतात, पाय जड होतात. 1984 मध्ये एस्थर थेलन या अमेरिकन संशोधिकेने अशा बाळांना छातीपर्यंत पाण्यात धरलं, तर पाय हलके होऊन पावलं वाढली. आजी हसल्या. झोपेत तो हसतो तेव्हा सटवाई हसवते, असं त्या म्हणत होत्या, त्यावर मी काही बोलले नाही. दीड-दोन महिन्यांनंतर तोंडाकडे बघून हसतो का, एवढंच विचारलं. हसत होता.

चार महिने उलटूनही मान सावरत नसेल, मुठी कायम आवळलेल्या असतील किंवा अंग फार ताठ वा फार सैल वाटत असेल, तर थांबू नका. बाळ कमी दिवसांचं असेल तर महिने प्रसूतीच्या ठरलेल्या तारखेपासून मोजायचे. आशाताई बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत अधूनमधून घरी येतात, पुढे तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यातही, त्यांना दाखवा. पुढची तपासणी लागली तर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मिळते.

आषाढात ती पुन्हा आली, सासरी जाण्याआधी. बाळ साडेचार महिन्यांचं. दोरा होता, ताईत नव्हता. पालथं ठेवलं तर कोपरांवर जोर देऊन छाती उचलली आणि वडिलांच्या व्हिडिओ कॉलकडे बघत राहिलं. तेवढ्यात आजींच्या हातून डब्याचं झाकण फरशीवर पडलं, खणकन. आम्ही तिघी बाळाकडे बघू लागलो. त्याने हात फेकले नाहीत. मान वळवली आणि झाकण कुठे फिरतंय ते बघत राहिला.