कॉलबॅकची टेस्ट लिहिण्याआधी

अपाची कायेनमध्ये (जावा ऑब्जेक्ट डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) कॉलबॅक, म्हणजे ठरावीक घटनेला आपोआप चालणारी मेथड, तपासायचा असेल तर आधी तो कधी चालतो ते नीट बघ. पोस्टअॅड नवा ऑब्जेक्ट बनताक्षणी चालतो. प्रीपर्सिस्ट मात्र कमिटच्या वेळी (बदल डेटाबेसमध्ये कायम करताना), व्हॅलिडेशनच्या, म्हणजे डेटा बरोबर आहे का या तपासणीच्या, आधी. म्हणजे ऑब्जेक्ट बनवून लगेच ‘प्रीपर्सिस्टने तारीख भरली का’ असं विचारलंस तर टेस्ट लाल (नापास) होणारच, आणि त्यात कोडचा काही दोष नसेल. प्रीरिमूव्ह उलटा: डिलीट म्हटल्याबरोबर चालतो, कमिटची वाट बघत नाही. या एकापायी माझी अख्खी दुपार गेली होती.

रिमोट पर्सिस्टन्समध्ये (क्लायंट सर्व्हरमार्फत डेटाबेस वापरतो तेव्हा) क्लायंटचा क्लास वेगळा, सर्व्हरचा वेगळा. म्हणून दोन्हीकडे साधा काउंटर ठेव आणि ‘चालला का’ यापेक्षा ‘कुठे, किती वेळा’ ते तपास. नुसतं ट्रू-फॉल्स ठेवलंस तर दोनदा चाललेला कॉलबॅक निसटतो.

त्यासाठी खरा सर्व्हर उभा करू नकोस, लोकलकनेक्शन (एकाच प्रोसेसमध्ये क्लायंट-सर्व्हर जोडणारा कायेनचा क्लास) पुरतं. पण हेशियन सिरियलायझेशन (ऑब्जेक्ट बाइट्समध्ये बदलून पाठवणं) चालू ठेव. ते बंद ठेवून हिरवी झालेली टेस्ट मी तरी मोजत नाही. आणि पोस्टलोडसाठी (ऑब्जेक्ट डेटाबेसमधून आल्यावर चालणारा कॉलबॅक) नवा कॉन्टेक्स्ट, म्हणजे ऑब्जेक्ट सांभाळणारी नवी जागा, घे, म्हणजे आधीचाच ऑब्जेक्ट पुन्हा हातात येणार नाही.