वस्तीवर ग्रामसभेची खबर का पोचत नाही?

तुम्ही विचारलंय, सोलापूर जिल्ह्यातल्या लांबच्या वस्त्यांवर ग्रामपंचायतीची माहिती कशी पोचते आणि नाही पोचली तर काय करायचं. "लोकांनाच रस नाही" हे कारभाऱ्यांचं ठरलेलं उत्तर मला मुळीच मान्य नाही.

सांगोला-मंगळवेढ्याकडं बरंचसं गाव रानातल्या वस्त्यांवर राहतं आणि नोटीस लागते गावठाणातल्या फलकावर. तीही इंकजेटवर छापलेली, म्हणजे उन्हानं फिकी पडते, एका सरीत शाई पसरते. झेरॉक्स काढून लावली तर टिकते. दवंडीचंही तेच. स्पीकरची रिक्षा सकाळी अकराला पेठेतून फिरते तेव्हा माणसं कामावर गेलेली असतात, आणि डांबरी सोडून ती आत वळत नाही.

खरी जागा दूध संकलन केंद्र. जनावरं असलेल्या वस्तीवरचं कुणीतरी सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन तिथं येतंच. दुधाची फॅट मोजायच्या मशीनच्या वर, डोळ्यांच्या उंचीला कागद लावा. मोठ्या अक्षरात तारीख, वेळ, जागा आधी, विषय खाली. दवंडी संध्याकाळच्या धारा झाल्यावर, सातच्या सुमारास द्या. अक्कलकोटच्या सीमेवर कन्नडमधूनही पुकारा. व्हॉट्सॲप ग्रुपवर विसंबू नका, विरोधातल्या माणसाला त्यातून काढायला एक बोट पुरतं.

आता मुद्द्याचं. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे कोरम, 15 टक्के मतदार किंवा 100, यांतलं जे कमी ते. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही! मग घरकुलाची यादी मूठभर माणसांत मंजूर होते. खबर न पोचणं कुणाच्या सोयीचं आहे ते यावरून ओळखा.

खबर खरंच दिली होती का ते तपासायला माहिती अधिकारात अर्ज करा. जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना), 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. अमुक तारखेच्या ग्रामसभेची नोटीस, दवंडीची नोंद, हजेरी आणि इतिवृत्त यांच्या प्रती मागा. "सगळी माहिती द्या" असं लिहिलं की अर्ज रखडतो. पोच घ्याच. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. पंचायतीचा खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर पासवर्डशिवाय दिसतो.

एक मात्र खरं, ग्रामसेवकाकडं कधी दोन-दोन गावं असतात, शिपाई एकटा असतो. सगळा दोष त्यांच्या माथी मारू नका. पण दूध केंद्रावर कागद डकवायला वेगळा निधी लागत नाही, हे मासिक सभेत लेखी मांडा.

दारिद्र्यरेषेखालचे असाल तर माहिती अधिकाराच्या अर्जाची फी माफ आहे, दाखल्याची झेरॉक्स जोडा.