‘साल’ शब्दाचा माग काढताय?

आधी लिंग बघा. ‘ती साल’ झाडाची. ‘ते साल’ म्हणजे वर्ष, तो फारसी शब्द. साल वृक्षाचं नाव संस्कृत ‘शाल’वरून आलंय. तिन्ही एकाच नोंदीत घातलीत की घोळ झालाच.

इंदुरात हिंदी ‘छाल’ रोज कानावर पडते, म्हणून ‘साल’ तिच्यावरून आली असं ठरवू नका. दोघी प्राकृत ‘छल्ली’च्या लेकी! प्राकृतातल्या ‘छ’चा मराठीत ‘स’ होतो: छुरी–सुरी, मच्छ–मासा, उच्छु–ऊस. अशा दोन-तीन जोड्या सापडल्याशिवाय नियम मांडू नका, नुसत्या उच्चारसाम्यावर तर मुळीच नाही.

‘वल्कल’ मात्र संस्कृतातून जसाच्या तसा आला. तिथे अर्थ साल आणि सालीचं वस्त्र, मराठीत बहुधा वस्त्रच. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (१८५७) लिंग आणि मूळ भाषेची खूण असते. अर्थाआधी ती वाचा. ध्वनिनियमांचे बारकावे सध्या राहू द्या.