‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न असा : ऑक्टोबरमधल्या एका शनिवार-रविवारच्या देशभराच्या हवामान अंदाजात ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह मुसळधार पाऊस’ असं वाक्य होतं. पाऊस तुरळक असेल तर मुसळधार कसा? त्याखाली ‘उत्तर भारतात किमान तापमानात २ ते ३ अंशांनी घट’ असंही होतं. तिला थंडीची लाट म्हणायचं का?

पहिल्या वाक्यात विसंगती नाही. ‘तुरळक’ हे तिथे पावसाचं विशेषण नाहीच, ते ‘ठिकाणी’चं आहे. तुरळक वस्ती, तुरळक गर्दी, तुरळक दाढी असं आपण म्हणतो तेव्हा विरळपणा सांगत असतो, जोर नाही. दाढी तुरळक असली तरी तिचे केस चांगले राठ असू शकतात.

हवामान खात्याने या शब्दाला मापही दिलं आहे. एखाद्या विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर किमान २.५ मिलिमीटर पाऊस झाला, तर तो ‘तुरळक ठिकाणी’. ५० टक्क्यांपर्यंत ‘काही ठिकाणी’, ७५ पर्यंत ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. म्हणजे ही सगळी मोजणी पसाऱ्याची आहे. जोराचं माप निराळं : २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार, २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. तिसरं माप खात्रीचं. ‘शक्यता’ आणि ‘दाट शक्यता’ यांतला ‘दाट’ पावसाच्या दाटपणाबद्दल काही सांगत नाही, अंदाज करणाऱ्याला किती भरवसा आहे एवढंच सांगतो. किती जागी, किती जोरात, किती खात्रीने, अशी तीन उत्तरं एका वाक्यात बसवलेली असतात.

गोंधळ होतो तो मथळ्यात. जागा वाचवायला ‘ठिकाणी’ गाळतात आणि ‘राज्यात तुरळक पाऊस’ असं छापतात. वाचणारा त्याचा अर्थ ‘चार थेंब’ असा घेतो, काढलेलं सोयाबीन झाकत नाही, आणि नेमका त्याच्याच शिवारात ढग फुटावा तसा पाऊस होतो. अंदाज चुकलेला नसतो, एक शब्द गळलेला असतो. माझं ठाम मत आहे की मथळा लांबला तरी चालेल, पण ‘ठिकाणी’ राहिलंच पाहिजे.

‘तुरळक’ आणि ‘मुसळधार’ हे दोन शब्द एकत्र येण्याचे दिवसही हेच, ऑक्टोबरचे. आषाढात ढगांचं छत शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं, त्यामुळे पाऊस सर्वदूर होतो. ऑक्टोबरमध्ये ऊन तापतं, हवेत ओल शिल्लक असते, आणि दुपारनंतर एकेकटे गडगडाटी ढग उंच चढतात. अशा एका ढगाचा घेर थोड्याच किलोमीटरांचा, आयुष्य तासाभराचं, पण तेवढ्यात तो ओढे भरून टाकतो. शेजारच्या गावात मात्र धूळसुद्धा बसत नाही. परतीच्या पावसाचं वर्णन करायला ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ याहून नेमके शब्द मला सुचत नाहीत.

जाता जाता, ‘मध्य महाराष्ट्र’ हाही हवामान खात्याचा पारिभाषिक शब्द आहे. देशाच्या ३६ हवामान उपविभागांपैकी तो एक. त्यात नाशिक, पुणे, कोल्हापूर येतात. नकाशाच्या मध्याशी त्याचा फारसा संबंध नाही. आणि ‘अतिवृष्टी’ वाचताना कोण बोलतंय ते पाहावं. हवामानाच्या बातम्यांत काही जण तो शब्द २०४ मिलिमीटरच्या वरच्या पावसाला वापरतात, तर नुकसानभरपाईच्या पंचनाम्यात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की ती अतिवृष्टी. शब्द एक असला तरी मापांत तिपटीचा फरक आहे.

आता थंडी. २-३ अंशांची घट म्हणजे लाट नव्हे. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली जायला हवं, शिवाय ते सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी कमी हवं, तेव्हा खातं थंडीची लाट म्हणतं, ६.४ अंशांहून जास्त घसरलं तर तीव्र लाट. पारा थेट ४ अंशांवर आला तर सरासरी न पाहताही लाट धरतात. किनाऱ्यावर १० ऐवजी १५ अंशांची अट आहे, कारण तिथल्या लोकांना तेवढ्यातच हुडहुडी भरते. ऑक्टोबरअखेर उत्तरेकडचे कोरडे वारे सुरू झाले की पहाटे जे जाणवतं त्याला मराठीत ‘गारवा’ हा सुरेख शब्द आहे. तो वाढला की गारठा, अंगाला झोंबू लागला की कडाका. इतक्या पायऱ्या हाताशी असताना बातमीने पहिल्याच पहाटे ‘लाट’ आणली, तर जानेवारीत खरी लाट आल्यावर वाचणारा त्या शब्दाकडे लक्ष देणार नाही.